लाख, रेशीम, राळ

बेंगळुरूहून म्हैसूरकडे निघालेल्या रस्त्यावर शहराची हद्द संपण्यापूर्वी नायंडहळ्ळी लागते, जिथे शहराने टाकून दिलेले प्लास्टिक वेगळे करून, धुऊन, दळून पुन्हा विकले जाते; त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर सुमारे पन्नास किलोमीटरांवर रेशमाच्या कोशांच्या बाजारपेठेचे रामनगर आणि त्यापुढे लाखेच्या खेळण्यांचे चन्नपट्टण येते. शहराच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या विमानतळ रस्त्यालगत, नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज ही संस्था आहे, जिच्या दाबभट्ट्यांमध्ये कार्बनच्या तंतूंत राळ मुरवून लढाऊ विमानाचे पंख घडवण्याचे तंत्र विकसित झाले. या चार ठिकाणच्या व्यवहारांचा एकमेकांशी वरवर काहीही संबंध नाही. त्यांचे गिऱ्हाईक वेगळे, कारागीर वेगळे आणि प्रतिष्ठाही वेगळी. परंतु चारही ठिकाणी हाताळले जाणारे पदार्थ एकाच कुळातले आहेत. त्या कुळाला मराठी परिभाषेत बहुवारिके म्हणतात आणि व्यवहारात पॉलिमर. ‘प्लास्टिक’ हा या कुळाचा केवळ एक भाग आहे, आणि सर्वांत जास्त दिसणारा असल्यामुळे सर्वांत जास्त बदनाम झालेलाही.

बहुवारिक म्हणजे एकाच किंवा दोन-तीन प्रकारच्या लहान रेणूंची शेकडो ते लाखो वेळा पुनरावृत्ती होऊन तयार झालेला प्रचंड मोठा रेणू. ज्या लहान रेणूपासून ही साखळी बनते त्याला एकवारिक म्हणतात. आंबे आणि केळी पिकवण्याच्या खोल्यांत जो इथिलीन वायू सोडतात, तो अवघ्या दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा रेणू आहे. त्या दोन कार्बन अणूंमधील दुहेरी बंधाचा एक पदर सुटला की प्रत्येक रेणूला दोन्ही बाजूंनी शेजारी जोडता येतो, आणि अशा हजारो रेणूंची माळ लागली की वायूचे रूपांतर पांढऱ्या, मेणचट घन पदार्थात होते. हेच पॉलिथीन. इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली ते अनपेक्षितपणे हाती लागले. इथिलीनवर अतिशय मोठा दाब देऊन भलताच पदार्थ करण्याचा बेत होता आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखे काही तरी चिकटलेले सापडले.

इतके मोठे रेणू अस्तित्वात असू शकतात, हेच मुळात रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ मान्य नव्हते. रबर, स्टार्च, रेशीम हे पदार्थ लहान रेणूंचे सैल पुंजके असावेत, अशी विसाव्या शतकाच्या आरंभीची रूढ समजूत होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये या पदार्थांचे रेणू खरोखरच लांब साखळ्यांचे असतात, असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांना सहकाऱ्यांचा उपहास सोसावा लागला; नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले. त्यापूर्वीच बाजारात नायलॉनचे मोजे येऊन गेले होते, म्हणजे सिद्धान्ताला पूर्ण प्रतिष्ठा मिळण्याआधीच व्यापाराने तो मान्य करून टाकला होता.

साखळी जुळण्याच्या मुख्य पद्धती दोन. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन यांच्यात एकवारिके एकमेकांना नुसती जोडली जातात आणि काहीही बाहेर पडत नाही. या क्रियेला समावेशी बहुवारिकीकरण म्हणतात. नायलॉन आणि पाण्याच्या बाटलीचे पेट यांच्यात मात्र प्रत्येक जोडणीच्या वेळी पाण्यासारखा एखादा लहान रेणू बाहेर टाकला जातो, म्हणून ते संघनन बहुवारिकीकरण. हा भेद पाठ्यपुस्तकी वाटतो, पण ज्या बंधाच्या निर्मितीत पाणी बाहेर पडले, तो बंध तापलेल्या अवस्थेत पाणी मिळाल्यास पुन्हा तुटू शकतो, आणि नायंडहळ्ळीसारख्या ठिकाणी धुऊन आलेल्या बाटल्यांच्या पुनर्वापरात नेमका हाच मुद्दा आडवा येतो.

साखळीत कोणते अणू आहेत, यापेक्षा त्या साखळ्या कशा मांडल्या गेल्या आहेत आणि एकमेकींना कशा धरून आहेत, यावर पदार्थाचा स्वभाव अधिक ठरतो, आणि बहुवारिकांच्या साऱ्या शास्त्राचे मर्म येथेच आहे. कर्नाटकातील घराघरांत येणारी ‘नंदिनी’ दुधाची मऊ पिशवी आणि खाद्यतेलाचा पांढरट, ताठ डबा दोन्ही पॉलिथीनचेच असतात. पहिल्यातील साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असल्यामुळे त्या एकमेकींना लगटून बसू शकत नाहीत, घनता कमी राहते आणि पटल लवचीक बनते. दुसऱ्यातील साखळ्या सरळ असल्यामुळे शेजारी शेजारी नीट रचल्या जातात, ठिकठिकाणी स्फटिक बनतात आणि वस्तूला ताठपणा येतो. अशा सरळ साखळ्या कमी दाबावर घडवणारे उत्प्रेरक कार्ल त्सीग्लर यांना १९५३ मध्ये सापडले, आणि इटलीच्या जूल्यो नात्ता यांनी त्याच मार्गाने पुढील वर्षी पॉलिप्रॉपिलीनच्या शिस्तबद्ध साखळ्या घडवल्या. १९६३ चे नोबेल दोघांना मिळून देण्यात आले.

साखळ्या एकमेकींना कशा धरतात, याची कल्पना वाडग्यात गार होत आलेल्या शेवयांवरून यावी: प्रत्येक शेवई सुटी असते, तरी गुंत्यामुळे एक ओढली की चार सोबत येतात. ज्या बहुवारिकात साखळ्या केवळ अशा गुंत्याने आणि दुबळ्या आकर्षणाने एकत्र राहतात, ते तापवल्यावर मऊ होते आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट होते. त्याला ऊष्मामृदू म्हणतात. ज्यात साखळ्यांच्या दरम्यान पक्के रासायनिक पूल बांधले गेले आहेत, त्यातील साखळ्या कितीही तापवल्या तरी एकमेकींवरून सरकू शकत नाहीत आणि शेवटी पदार्थ न वितळता जळतो, तो ऊष्मादृढ. आणि पूल अगदी मोजके, दूरदूर असतील, तर साखळ्या ताणल्यावर सरळ होतात व सोडल्यावर पूर्ववत गोळा होतात, जो गुण चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबरात गंधक घालून, ते तापवून पक्का केला. ही तिन्ही खाती माणसांनी पाडलेली आहेत. निसर्गाने ती पाळलेली नाहीत, हे रामनगर आणि चन्नपट्टण येथे चांगले दिसते.

रामनगरच्या सरकारी बाजारात रोज कित्येक टन कोश लिलावाला येतात आणि तुतीच्या रेशमाच्या उत्पादनात कर्नाटक देशात पहिला आहे. हा धंदा म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाच्या काळात रुजल्याचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जपानी जाणकारांच्या मदतीने बेंगळुरूत नमुन्याचा रेशीम फार्म काढला, ज्याचे नाव दक्षिण बेंगळुरूतील एका वस्तीला अजून चिकटलेले आहे. महाराष्ट्राशी असलेले नाते तर थेट आहे, कारण येवल्याच्या मागावर चढणाऱ्या पैठणीचे रेशीम बहुतांशी बेंगळुरूहून येते.

कोशाचा धागा म्हणजे फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाची साखळी. प्रथिनेही बहुवारिकेच असतात. त्यांची एकवारिके म्हणजे अमिनो आम्ले. फायब्रॉइनच्या एका मोठ्या साखळीत पाच हजारांहून अधिक अमिनो आम्ले असतात आणि त्यांत ग्लायसीन व अॅलनीन या दोन अगदी लहान आम्लांची पुन्हा पुन्हा येणारी ओळ असते. ती लहान असल्यामुळे साखळ्या एकमेकींच्या फार जवळ येऊ शकतात आणि हायड्रोजन बंधांनी जोडलेले सपाट पदर तयार होतात. हे पदर एकावर एक रचले जाऊन सूक्ष्म स्फटिक बनतात, आणि त्यांच्या मधोमध अस्ताव्यस्त साखळ्यांचा सैल भाग राहतो. स्फटिकामुळे धाग्याला ताकद येते, सैल भागामुळे चिवटपणा. अळीच्या ग्रंथीत हेच प्रथिन पाण्यात विरघळलेले, मधासारखे दाट असते. अळी डोके हलवत ते तोंडाजवळच्या बारीक छिद्रातून खेचते, त्या खेचण्यानेच साखळ्या एका दिशेला वळतात, पाणी दूर होते आणि विरघळणारा पदार्थ न विरघळणारा होऊन जातो. सगळे साध्या तापमानाला, साध्या पाण्यात. नायलॉनचा धागा काढायला कारखान्यात अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलेला रस लागतो, आणि स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या, गोळी अडवणाऱ्या केव्हलारच्या साखळ्या विरघळवायला तीव्र गंधकाम्ल लागते. रसायन अभियंत्यांना रेशमाच्या किड्याचा हेवा वाटावा, असे हे अंतर आहे.

धागा उलगडण्याच्या केंद्रात कोश गरम पाण्याच्या भांड्यात टाकले जातात, कारण फायब्रॉइनच्या दोन जुळ्या तंतूंना चिकटवून ठेवणारे सेरिसिन हे दुसरे प्रथिन गरम पाण्यात मऊ होते. काम करणारी बाई ब्रशने कोशांची वरची गुंतवळ काढते, खरे टोक हाती लागले की सात-आठ कोशांची टोके एकत्र धरून बारीक छिद्रातून ओवते आणि फिरत्या चाकावर चढवते. एखाद्या कोशाचा तंतू संपला किंवा तुटला की क्षणात दुसऱ्याचे टोक त्या जागी भिरकावले जाते आणि ओल्या सेरिसिनमुळे ते आपोआप चिकटते. एका चांगल्या कोशातून आठशे ते हजार मीटरपर्यंत अखंड तंतू निघतो. पुढे साबणाच्या उकळत्या पाण्यात सेरिसिन काढून टाकले की धाग्याचे जवळजवळ पाव वजन जाते. झळाळी मात्र त्यानंतरच येते. त्या बाईचे हात दिवसभर गरम पाण्यात असतात आणि त्वचेचे विकार हा या व्यवसायाचा जुना भाग आहे. रेशमाच्या कौतुकात ही गोष्ट सहसा वगळली जाते. स्वयंचलित यंत्रांनी हे काम कमी केले आहे, पण संपवलेले नाही.

रेशीम वितळत नाही. त्याच्या साखळ्यांमधील हायड्रोजन बंध एकेकटे दुबळे, पण इतके आणि इतक्या शिस्तीने असतात की ते सुटण्याआधी साखळीच जळू लागते. म्हणून जुना व्यापारी पदराच्या दशीचा एक धागा काडीवर धरून पाहतो: अस्सल रेशीम केस जळल्यासारखा वास देत चुरगळणारी राख ठेवते, पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि त्याचा काळा, टणक मणी होतो. ही परीक्षा ऊष्मामृदू बहुवारिक ओळखण्याचीच परीक्षा आहे, दुकानात ती वेगळ्या नावाने चालते इतकेच.

चन्नपट्टणची लाख याहून वेगळी वागते. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसून रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. ही राळ म्हणजे हायड्रॉक्सी आम्लांच्या एकमेकांशी झालेल्या जोडण्या, अर्थात निसर्गनिर्मित पॉलिएस्टर, फक्त तिच्या साखळ्या फार आखूड असतात. कातारी कारागीर काळ्या कुड्याच्या जातीचे, हस्तिदंतासारखे फिकट आणि सरळ रेषांचे लाकूड लेथवर चढवतो, पटाशीने त्याला बाहुलीचा किंवा खुळखुळ्याचा घाट देतो आणि मग रंग मिसळलेली लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरतो. बाहेरून आच दिलेली नसते. घर्षणानेच लाकडाचा पृष्ठभाग तापतो, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास लाख मऊ होऊन पसरते आणि गार होताच घट्ट बसते. शेवटी केवड्याच्या जातीच्या झाडाचे वाळलेले पान, ज्याला तिकडे ताळेगरी म्हणतात, फिरत्या खेळण्यावर दाबून चकाकी आणली जाते. कांडी किती दाबायची, हे कारागिराच्या मनगटाला ठाऊक असते, कारण कमी दाबली तर लाख लागत नाही आणि जास्त दाबली तर ती करपते. करपणे म्हणजे काय, तर दीर्घकाळ तापवल्यास लाखेच्या आखूड साखळ्यांमध्ये आणखी जोडण्या होऊन तिचे जाळे बनते आणि ती पुन्हा मऊ होत नाही. एकच पदार्थ आधी ऊष्मामृदू आणि मग ऊष्मादृढ. सावंतवाडीच्या लाखकामाची परंपरा ज्यांना माहीत आहे, त्यांना हा स्वभाव नवा वाटणार नाही.

लाख जळतेही झकास, हे महाभारतातील लाक्षागृहाची योजना करणाऱ्याला चांगले कळले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा सर्वांत मोठा उपयोग निघाला तो ग्रामोफोनच्या तबकड्यांत: दगडाची बारीक भुकटी लाखेत मळून, तापवून साच्यात दाबली की ७८ फेऱ्यांची तबकडी तयार होई, आणि बालगंधर्वांचा आवाज महाराष्ट्राच्या गावोगाव पोचला तो अशा लाखेच्या तबकड्यांवरून. त्या हातातून पडल्या की फुटत, कारण आखूड साखळ्यांचा गुंता कमकुवत असतो. १९४८ नंतर आलेल्या पीव्हीसीच्या दीर्घ तबकड्या वाकत, पण फुटत नसत. भारत लाखेचा मोठा पुरवठादार असल्यामुळे रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये लाख संशोधन संस्था उभी राहिली आणि म्हैसूर संस्थानाने १९३७ मध्ये लाख व रंगांचा कारखाना काढला. तोच कारखाना आज नव्या नावाने मतदारांच्या बोटाला लावायची शाई करतो.

लाखेची टंचाई आणि किंमत हेच पहिल्या पूर्णतः कृत्रिम बहुवारिकाच्या शोधाचे कारण ठरले. विजेच्या उपकरणांच्या विद्युतरोधनासाठी लाख हवी होती, किडे मागणीइतक्या वेगाने काम करीत नव्हते, आणि लिओ बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून तिला पर्याय शोधून १९०९ मध्ये तो अमेरिकेत जाहीर केला. योगायोग असा, की बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. बेकेलाइट एकदा साच्यात घट्ट झाले की पुन्हा कधीच वितळत नाही, कारण त्याच्या साखळ्या उरतच नाहीत. तिन्ही दिशांनी जोडलेले एकच जाळे होते, आणि तसे पाहिले तर बेकेलाइटचा एक रिसीव्हर म्हणजे जवळजवळ एकच रेणू. बेंगळुरूत १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या काळातले ते काळे, जड टेलिफोन याच जातीच्या राळेचे असत.

हाच ‘न सुटणारा’ गुण विमानाच्या पंखात सर्वांत मोलाचा ठरतो. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी बेंगळुरूला आली, जिथे १९४० पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना होता. ‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानाची आखणी सुरू झाल्यावर त्याचा पंख कार्बन तंतूंच्या संमिश्राचा करण्याचे काम या प्रयोगशाळेकडे आले. संमिश्र म्हणजे दोन पदार्थांची अशी जोड, ज्यात एक भार घेतो आणि दुसरा पहिल्याला जागेवर धरतो. येथे भार घेणारा कार्बन तंतू माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, सहा-सात मायक्रॉन जाडीचा असतो, आणि तोही मूळचा बहुवारिकच: स्वेटरच्या कृत्रिम लोकरीत असते ते पॉलिअॅक्रिलोनायट्राइल आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजून, मग ऑक्सिजनरहित भट्टीत हजार अंशांच्या वर तापवले की बाकीचे अणू निघून जातात आणि कार्बनचे सांगाडे तंतूच्या दिशेने रांगेत उरतात. त्यांना धरणारी राळ इपॉक्सी.

राळेत भिजवलेल्या कार्बनच्या पट्ट्या शीतगृहात शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात, कारण राळ आणि तिला घट्ट करणारे रसायन आधीच एकत्र मिसळलेले असते आणि त्यांची क्रिया थंडीने फक्त मंदावलेली असते. शीतगृहाबाहेर काढल्या क्षणापासून पट्टीचे आयुष्य मोजले जाते. ती स्वच्छ खोलीत साच्यावर थरावर थर अंथरली जाते आणि प्रत्येक थरातील तंतूंची दिशा, शून्य, पंचेचाळीस किंवा नव्वद अंशांची, रेखांकनानुसार बदलली जाते, कारण तंतू त्याच्या लांबीच्या दिशेनेच भार घेतो, आडवा नाही. मग सारा साचा निर्वात पिशवीत बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबयुक्त भट्टीत, जातो. उष्णतेने राळ आधी पातळ होते, तंतूंमधील रिकाम्या जागा भरते, दाबामुळे अडकलेली हवा निघून जाते, आणि मग पूल बांधले जाऊ लागतात. साधारण १८० अंशांवर काही तास गेले की पंखाचा तो भाग एकसंध होतो. या रीतीने घडवलेल्या ‘तेजस’च्या सांगाड्याचा वजनाने सुमारे ४५ टक्के आणि बाह्य पृष्ठभागाचा सुमारे ९० टक्के भाग संमिश्रांचा आहे. पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरूतच झाले.

अॅल्युमिनियमला पडतात तसे थकव्याचे तडे आणि गंज यांपासून हा पंख मोकळा असतो, पण इपॉक्सी हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे तिचे काचसंक्रमण तापमान खाली येते. ही संज्ञा प्रत्येक बहुवारिकाच्या बाबतीत महत्त्वाची आहे. ज्या तापमानाखाली साखळ्यांचे तुकडे गोठल्यासारखे निश्चल होतात आणि पदार्थ काचेसारखा टणक वागतो, ते काचसंक्रमण तापमान. रबराचे ते शून्याखाली सत्तर अंशांच्या आसपास असल्यामुळे रबर नेहमी लवचीक राहते. पॉलिस्टायरीनचे शंभराजवळ असल्यामुळे त्याचा पेला कडक पण ठिसूळ असतो. आणि पेटचे सत्तर-ऐंशीच्या दरम्यान असल्यामुळे पाण्याच्या बाटलीत उकळते पाणी ओतले की ती जागच्या जागी आकसते. एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या रस्त्यावरच इस्रोचे यू. आर. राव उपग्रह केंद्र आहे, जिथे बनणाऱ्या उपग्रहांवरचे सोनेरी वेष्टन सोन्याचे आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ती पॉलिइमाइड या बहुवारिकाची मुळातच पिवळसर असणारी पटले आहेत, ज्यांच्या मागे अॅल्युमिनियमचा पातळ लेप असतो.

विमान आणि उपग्रहांसाठी लागणारी बहुवारिके वजनात नगण्य आहेत. शहराला जे ओझे होते ते पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पेट, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन या पाच-सहा स्वस्त जातींचे. मावळ्ळीपुरा येथील कचराभूमी २०१२ मध्ये बंद पडल्यावर बेंगळुरूचे रस्ते कचऱ्याने भरले, तेव्हा घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे सक्तीचे झाले आणि प्रभागवार सुका कचरा केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी अनेक ‘हसिरु दळ’ या संघटनेशी जोडलेले कचरावेचक चालवतात. कर्नाटक सरकारने ११ मार्च २०१६ रोजी प्लास्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले, चमचे आणि थर्माकोल यांवर सरसकट बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी २०१८ ची आणि देशभरातील एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासूनची. या कायद्यांमध्ये पिशवीच्या जाडीला दिलेले महत्त्व, म्हणजे ५० मायक्रॉन, मग ७५, मग १२०, अनेकांना हास्यास्पद वाटते, परंतु त्यामागचा हिशेब रास्त आहे: दोन ग्रॅमची पिशवी धरली तर एक किलो होण्यासाठी पाचशे पिशव्या वेचाव्या लागतात, आणि ते कोणालाही परवडत नाही. जाड पिशवी वेचली जाते, पातळ पिशवी नाल्यात जाते. तिचे रसायन दोन्हीकडे एकच असते.

सुका कचरा केंद्रात ढिगासमोर बसलेल्या बायका प्लास्टिकच्या जाती ज्या सफाईने वेगळ्या करतात, तिला शिक्षित समाजाने अजून कौशल्याचे नाव दिलेले नाही. पिशवी चुरगळल्यावर येणाऱ्या आवाजावरून एलडी (कमी घनतेचे पॉलिथीन) आणि एचडी (जास्त घनतेचे) कळते, कारण सरळ साखळ्यांच्या ताठ पटलाचा खळखळाट मऊ पटलात येत नाही. तुकडा जाळल्यावर मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथीनचे कूळ, डोळे चुरचुरवणारा आंबट धूर आला तर पीव्हीसी. दुधाच्या पिशव्यांचा ढीग वेगळा, कारण त्यांना भाव वेगळा. पुढे नायंडहळ्ळीसारख्या ठिकाणच्या लहान कारखान्यांत दळलेले तुकडे पाण्याच्या हौदात सोडले जातात, तेव्हा पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी तळाशी बसतात. बाटली पेटची आणि तिचे झाकण पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असल्यामुळे दोन्ही एकत्र दळली तरी हौदात आपोआप विलग होतात. पेट आणि पीव्हीसी यांची घनता मात्र जवळपास सारखी असल्यामुळे तेथे हौद निरुपयोगी ठरतो, आणि पेटच्या रसात पीव्हीसीचे थोडे तुकडे गेले तरी त्यातून निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल पेटच्या साखळ्या तोडते. म्हणून त्या एका फरकासाठी माणसाची नजर लागते. धुतलेले पेट वितळवण्यापूर्वी कडक वाळवावे लागते ते याचमुळे, की संघननाने जुळलेली साखळी गरम अवस्थेत ओलाव्याने उसवते. तरीही प्रत्येक वितळणीत साखळ्या थोड्या आखूड होतात, आणि म्हणून जुन्या बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा तिचा धागा होण्याचा मार्ग सोपा पडतो.

पातळ पटलांसाठी बेंगळुरूतच एक वेगळा उपाय पुढे आला. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या व्यवसायातील अहमद खान आणि त्यांचे बंधू रसूल खान यांनी या शतकाच्या आरंभी टाकाऊ पटलांचे तुकडे डांबरात मिसळून रस्ते करण्याचा प्रयोग केला आणि बंगलोर विद्यापीठाच्या महामार्ग अभियांत्रिकीच्या अभ्यासकांनी त्याच्या चाचण्या घेतल्या. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवरच प्लास्टिकचा लेप देण्याची पद्धत बसवली, आणि त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. डांबराचे रेणू लहान असल्यामुळे ते उन्हात सैल होते आणि पावसात खडीपासून सुटते; पॉलिथीनच्या लांब साखळ्या त्यात पसरल्या की मऊ होण्याचे तापमान वाढते आणि खडीवरची पकड टिकते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्यांत डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक घालण्याची आणि पीव्हीसी पूर्णपणे टाळण्याची तरतूद आहे. उपाय चांगला आहे, पण पुनर्वापर या शब्दात तो पूर्णपणे बसत नाही. रस्त्यात गेलेले पॉलिथीन परत कोणी काढू शकत नाही आणि चाकांखाली झिजलेला त्याचा कण मातीतच जातो.

‘विघटनशील’ पिशव्यांबाबत तर आणखी सावधपणे बोलायला हवे. मक्याच्या साखरेपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या साखळ्या मुद्दाम राखलेल्या, साठ अंशांच्या जवळपास तापलेल्या खतभट्टीत काही महिन्यांत सुट्या होतात. बेंगळुरूच्या आल्हाददायक हवेत, रस्त्याकडेच्या गटारात, त्यांना तसे करण्याचे काही कारण नसते. शिवाय दिसायला पेटसारख्या असलेल्या या वस्तू पेटच्या ढिगात गेल्या की तो ढीगही बिघडवतात.

आणि मग उरतात ती वेफर्सची आणि शाम्पूची चकचकीत पाकिटे. त्यांत छपाईसाठी पेटचा, हवा व ओलावा अडवण्यासाठी अॅल्युमिनियमचा आणि उष्णतेने चिकटवण्यासाठी पॉलिथीनचा असे थर ऊष्मादृढ गोंदाने कायमचे जोडलेले असतात. प्रत्येक थर आपापल्या जागी योग्य, आणि म्हणूनच सगळे मिळून कोणत्याही ढिगात न बसणारे. हौदात ती धड तरंगत नाहीत, भट्टीत एकत्र वितळत नाहीत, आणि सुका कचरा केंद्रात त्यांना भाव नसतो. त्यांतील बरीच सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून पाठवली जातात, जिथे १,४०० अंशांच्या वरच्या तापमानात साऱ्या साखळ्या जळून जातात आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड सिमेंटमध्येच मिसळते. मात्र हलक्या, फुगीर मालाची शेकडो किलोमीटरांची वाहतूक कोणी सोसायची, हा वाद जुना आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी पाकीट बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर टाकली असून प्लास्टिक आणि प्लास्टिकेतर थर एकत्र असलेल्या पाकिटांचा स्वतंत्र तिसरा वर्ग केला आहे. एकाच कुळातील बहुवारिकाच्या थरांचे पाकीट वापरणारा उत्पादक त्या वर्गातून सुटतो, फक्त त्याला वेफर्स कुरकुरीत राहण्याचे दिवस थोडे कमी धरावे लागतात.